पंख्याखालची पोती

मित्रांनो, सत्य शोधण्याचं काम या पृथ्वीवर आजवर दोघांनीच मनापासून केलं आहे. एक ऋषिमुनींनी आणि एक मी. ऋषिमुनी त्यासाठी वर्षानुवर्षं डोळे मिटून बसत. मला एवढी सवड कोणी दिली नाही, म्हणून मी सरळ पोटात घुसते.

मी एक जुनी परखी आहे. परखी म्हणजे हातभर लांबीची, पुढून टोकदार आणि आतून पोकळ अशी लोखंडी नळी. ती शिवलेल्या पोत्यात खुपसायची, की आतले दाणे नळीतून घरंगळत तळहातावर येतात. मग त्या मूठभर दाण्यांवरून सगळ्या पोत्याची अब्रू ठरते. पोतं उघडावं लागत नाही. पोत्याला दुखतं का, असं मिल बघायला आलेल्या एका मुलानं एकदा विचारलं होतं. मी कधी चौकशी केली नाही.

सध्या माझा मुक्काम वरठीच्या बाहेर, भैय्याजींच्या राईस मिलच्या मागच्या दाराच्या कडीत आहे. कुलूप हरवलं, म्हणून कडीत मला अडकवलं आहे. सत्य शोधून झालं की असंच काहीतरी काम मिळतं.

माझा जन्म एका सायकलीच्या हँडलपासून झाला. कारखान्यात जाणाऱ्या कोणा कामगाराची ती सायकल ट्रकखाली आली होती. कामगाराचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. हँडल मात्र चांगलं निघालं. लोहारानं ते तापवलं, कापलं, ठोकून ठोकून त्याला टोक आणलं आणि भैय्याजींना विकलं. भैय्याजींनी टोक बोटावर दाबून पाहिलं, रक्ताचा थेंब आला, तेव्हा ते खूश झाले. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

पुढची वर्षं वैभवाची होती. हंगामात पार बपेऱ्याकडून धानाचे ट्रॅक्टर येत. भैय्याजी मला छडीसारखी हातात घेऊन फिरत आणि दिसेल त्या पोत्यात खुपसून म्हणत, "ओलं आहे." मी अजून पोत्यातून बाहेरही निघालेली नसे. तरी शेतकरी भैय्याजींकडे न बघता माझ्याकडेच रागानं बघत. मला त्याचा अभिमान वाटे. कोणीतरी आपल्याला घाबरतं ही भावना लोखंडालाही आवडते.

आता थोडं मशीनविषयी सांगते, कारण पुढं एका माणसाचा अंगठा त्यावर अवलंबून आहे.

धानाचं टरफल काढायला मिलमध्ये दोन रबरी रोल असतात. चरकात ऊस जातो तसं त्यांच्या मधून धान जातं. चांगले रोल बरेच दिवस टिकतात म्हणे. मी पाहिलेले नाहीत. भैय्याजी जे रोल आणत ते आदल्या दिवशी लावले की दुसऱ्या दिवशी म्हातारे होत. नवे असताना तांदूळ अख्खा निघे, मोत्यासारखा. मग पोत्यामागून पोतं भरत जाई तशी कणी वाढत जाई, आणि शेवटी शेवटी तर हा तांदूळ आहे की रवा, असा प्रश्न पडे. मग रोल बदलायचे, की पुन्हा मोती.

म्हणजे मित्रांनो, भरलेली पोती भरली त्या क्रमानं भिंतीलगत उभी केली, तर कणी चढत चढत जाते, एका जागी धाडकन खाली येते आणि तिथून पुन्हा हळूहळू चढू लागते. बाहेरून सगळी पोती सारखीच. तीच सुतळी, तोच शिक्का. कुठं रोल बदलला ते पोत्याला बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ते फक्त मला कळतं.

रोल बदलण्याचं काम मनिरामचं. मनिराम कारध्याचा. पहाटे नदीत जाळं टाकायचं, मिळेल ती मासोळी बायकोच्या टोपलीत घालायची आणि मग सायकलीवरून मिलमध्ये यायचं, असा त्याचा दिवस. आमच्या मिलमध्ये एक रिवाज आहे. नवा रोल बसला की मशीनच्या नळीतून पडणारा पहिला तांदूळ खाली पोत्यात पडू द्यायचा नाही. ज्यानं रोल बसवला त्यानं हातांना हळद लावून तो ओंजळीत धरायचा आणि मशीनपुढं ठेवायचा. मशीन खूश राहते. मशीनला कोणी विचारलं होतं की नाही, मला माहीत नाही.

त्या सकाळी मनिराम रोल बसवून खाली आला, हातांना हळद लावून त्यानं ओंजळ धरली, आणि नळीवरची लोखंडी झडप जिच्या आधारानं वर राहते ती दोरी तुटली. दोरी बदलायला हवी, असं तो दिवाळीपासून सांगत होता. भैय्याजी म्हणत, "तुटन तेव्हा पाहू." ती तुटली आणि सगळ्यांनी पाहिलं.

ओंजळीत अंगठे वरच्या बाजूला असतात. उजवा गेला. पुराणातल्या त्या गुरूनं निदान मागून घेतला होता.

मनिराम ओरडला नाही. त्यानं हाताला गमछा गुंडाळला आणि म्हणाला, "थांबा, मशीन बंद नका करू, माल अर्ध्यात आहे." त्याला मोटरसायकलवर मधे बसवून दोघं जण भंडाऱ्याला घेऊन गेले. भैय्याजींनी त्याचा शब्द पाळला. मशीन बंद केली नाही. झडप पुन्हा वर बांधली, नळीखालचं पोतं भरलं, शिवलं, आणि गोमाजी हमालानं ते पाठीवर घेऊन रांगेत नेऊन ठेवलं. त्याच्यामागून दुसरं ठेवलं. मग तिसरं. मधे वीज गेली, आली, पुन्हा गेली. अंगठा गमछ्यातच असेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. गमछ्यात काय आहे ते उघडून बघण्याची हौस कोणाला असते?

डॉक्टरांना ती हौस होती. त्यांनी गमछा उघडला आणि विचारलं, "अंगठा कुठे आहे?"

मनिरामची मुलगी खुशबू तोवर दवाखान्यात पोहोचली होती. ती भंडाऱ्यातच कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. डॉक्टरांनी तिला सांगितलं की अंगठा बर्फात घालून दुपार उलटायच्या आत आणलात तर जोडता येईल, पुढं नाही. ती मैत्रिणीची स्कूटी घेऊन वरठीला निघाली.

इकडे मिलमध्ये दरम्यान आणखी एक गोष्ट झाली होती, आणि ती नीट सांगायला हवी. तपासनीस साहेबांचा फोन आला होता, आजच माल पाहायला येतो म्हणून. हा माल शाळेच्या खिचडीचा. साहेबांना उन्हाळा फार सोसत नाही. आमच्या गोदामात पंखा एकच, रांगेच्या बरोबर मध्यावर. साहेब आले की पंख्याखाली उभे राहतात, तिथल्याच पोत्यात मला खुपसतात आणि शेरा देतात. ही गोष्ट गोदामातल्या उंदरांनाही माहीत आहे. म्हणून भैय्याजींनी अख्ख्या दाण्याची चार-पाच पोती कोपऱ्यात कायमची झाकून ठेवलेली असतात. साहेब येणार म्हटलं की गोमाजी पंख्याखालची पोती उचलतो आणि ही तिथं मांडतो. साहेब गेले की पुन्हा कोपऱ्यात. त्या पोत्यांनी आजवर एकही शाळा पाहिलेली नाही. बिचारी.

खुशबू आली तेव्हा पोती मांडून झाली होती आणि साहेब टेबलाशी बसून चहा पीत होते.

तिनं भैय्याजींना सगळं सांगितलं. अंगठा पोत्यात गेला आहे. नवा रोल लावल्यावर भरलेलं पहिलं पोतं. कोणतं ते सांगा. भैय्याजींनी गोमाजीकडे पाहिलं, गोमाजीनं रांगेकडे पाहिलं. रांगेत शंभराच्या आसपास पोती, आतल्या भिंतीपासून दारापर्यंत. वीज येत-जात होती, त्यामुळे किती वेळात किती भरली याचा हिशोब कोणालाच लागेना.

"सगळेच खोलू," खुशबू म्हणाली.

"बेटा, शिक्का लागला आहे," भैय्याजी अतिशय मायेनं म्हणाले. "साहेब बसले आहेत, ट्रक दारात आहे. तूच सांग, कसं होईन? असं कर, एक पोतं खोल. तुह्या बापासाठी एक माफ. टोचून पाहाचं असन तर आठ-दहा टोचे मार, पण एकाच पोत्याले चार-चार नको मारू. भोकातून दाणा गळते."

आणि त्यांनी मला तिच्या हातात दिलं.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला हातात धरून कोणी विचार केला नव्हता. त्या मुलीनं केला. ती रांगेकडे पाहत थोडा वेळ उभी राहिली, मग गोमाजीला तिनं विचारलं की पोती भरली त्याच क्रमानं लावली आहेत ना. लावताना त्याच क्रमानं लावली, असं गोमाजी म्हणाला. हे अक्षरशः खरं होतं. मग तिनं दाराजवळच्या शेवटच्या पोत्यात मला टोचलं, दाणे एका कागदावर पसरले आणि साहेबांच्या टेबलावर ठेवले. हे नव्या रोलचे. कणी थोडी, दाणे बहुतेक अख्खे.

तिची युक्ती सोपी होती आणि मला फार आवडली. एका टोकापासून एकेक पोतं टोचत बसायचं नाही. सरळ मधलं टोचायचं. त्यात या कागदावरच्यापेक्षा जास्त कणी असेल, तर ते जुन्या रोलचं, म्हणजे बदल त्याच्या पुढं, दाराच्या बाजूला झाला. कणी तेवढीच किंवा कमी असेल, तर ते नव्या रोलचं, म्हणजे बदल त्याच्या मागं, भिंतीच्या बाजूला. एका टोच्यात अर्धी रांग बाद. उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा मधलं. असं करत गेलं की शंभर पोत्यांना सहा-सात टोचे पुरतात. मी आयुष्यभर हजारो पोटं उगाच फाडली, असं मला तेव्हा वाटलं. पश्चात्ताप नाही झाला, फक्त वाटलं.

ती मध्यावर गेली. मध्यावर पंखा होता.

मी आत शिरले आणि मला लगेच कळलं. हा दाणा मला ओळखीचा होता. दर तपासणीला आमची भेट होते. तिच्या तळहातावर मोती पडले, एक कणी नाही. तिचा चेहरा उजळला. "नव्या रोलचं आहे," ती म्हणाली, "म्हणजे ह्याच्या मागं आहे." आणि भिंतीच्या बाजूला वळली.

खरा बदल दाराच्या बाजूला होता.

त्या वेळी गोदामात खुशबूशिवाय तीन माणसं होती. पंख्याखालची पोती कुठली ते भैय्याजींना माहीत होतं, कारण पोती त्यांची. गोमाजीला माहीत होतं, कारण पाठ त्याची. साहेबांनाही माहीत होतं, कारण ते काही पहिल्यांदा आले नव्हते. तिघांपैकी एकानं एक वाक्य बोलायचं होतं. साहेबांनी बशीत चहा ओतला.

तिनं भिंत आणि पंखा यांच्या मधलं पोतं टोचलं. कणीच कणी. जुना रोल. म्हणजे बदल याच्या आणि पंख्याच्या मधे. पुन्हा मधलं. कणी. पुन्हा पुढं. कणी. घाम पुसत ती बरोबर पंख्याखालच्या पहिल्या पोत्याशी आली. त्याच्या अलीकडच्या पोत्यात रवा, त्याच्यात मोती. पद्धतीत कुठंही चूक नव्हती. कणी चढत आली होती आणि इथं धाडकन खाली उतरली होती.

"हेच," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मनिराम बोलत होता. फोनचा आवाज मोठा होता, मला ऐकू आलं. "सापडला का, पोरी? नसन सापडत तर राहू दे. भैय्याजी चिडतीन. त्याईचा माल खराब नको करू."

"सापडला, बाबा," खुशबू म्हणाली. "आणून राहिली मी."

तिनं सुतळी उसवली आणि पोतं फरशीवर पालथं केलं. शुभ्र, अख्ख्या, वर्षभर कोपऱ्यात जपलेल्या तांदळाचा ढीग झाला. ती त्यात गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी शोधू लागली. तिनं सगळा ढीग चाळला, मग पुन्हा चाळला. त्यात एक मेलेला सोंडकिडा निघाला.

"एखादं पोतं हललं का इथून?" तिनं वर न पाहता विचारलं. "गोमाजी काका?"

गोमाजी पंख्याकडे पाहत होता. "पोते हलवाचंच काम आहे माह्यं, बाई," तो म्हणाला. "कोणतं कोणतं सांगू."

"एकही हललं नाही, बेटा," भैय्याजी साहेबांकडे पाहत म्हणाले. "आमच्याकडे शिस्त आहे."

मी तिथंच तांदळात पडले होते. मला जीभ असती तर काय केलं असतं, असा विचार मी नंतर पुष्कळ वेळा केला. खरं सांगायचं तर काही केलं नसतं. भैय्याजींनी मला कधी आतून गंजू दिलं नव्हतं.

मग साहेब उठले. त्यांनी मला ढिगातून उचललं, रुमालानं पुसलं आणि पंख्याखालच्या उरलेल्या पोत्यांपैकी एकात खुपसलं. दाणे पाहिले. "वा," म्हणाले. शेरा दिला, शिक्का मारला, मुलीला म्हणाले की काळजी करू नकोस, विज्ञान फार पुढं गेलं आहे, आणि गाडीत बसून निघून गेले. त्यांना चहा घाईत घेतलेला चालत नाही, म्हणून तो त्यांनी निवांत प्यायला होता.

गाडीची धूळ खाली बसली आणि भैय्याजी एकदम वेगळे झाले. बाह्या सरसावून ते रांगेशी आले. "बेटा, आता शोध. पंख्याखालचे सोडून दे, ते दाखवाचे आहेत. ह्या बाजूनं पाहा, दाराकडून. किती टोचाचं तितकं टोच. गोमाजी, बर्फ आण. पळ. माह्या नावावर सांग."

खुशबू तांदळातून उठली नाही. तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्हाले माहीत होतं."

"साहेब बसले होते ना, बेटा," भैय्याजी म्हणाले. त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. पाऊस होता म्हणून आलो नाही, असं माणूस सांगतो तितक्या सरळपणे ते म्हणाले.

ती उठली. पंखा आणि दार यांच्या मधलं पोतं टोचलं. नवा रोल. अलीकडे. जुना. पलीकडे. चारेक टोच्यांत आम्ही पोहोचलो. या वेळी मला आत दाण्यांखेरीज काहीतरी लागलं. मऊ होतं. माझ्या नळीत ते मावत नव्हतं, पण बाहेर आलेल्या दाण्यांना हळदीचा वास होता.

पोतं उघडलं. अंगठा तळाशी, पहिल्या दाण्यांत होता, नखापर्यंत पिवळा. बर्फही आला होता. भैय्याजींनी तिला स्वतःची गाडी दिली, ड्रायव्हर दिला, पाण्याची बाटली दिली. त्यांच्यासारखा दिलदार माणूस वरठीत दुसरा नाही.

दुपार उलटून गेली होती. डॉक्टरांनी अंगठा पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि हलक्या हातानं तो परत पिशवीत ठेवला.

पुढचं मी ऐकलेलं सांगते. मनिरामनं पिशवी मागून घेतली. दवाखान्यातून घरी सोडलं त्या संध्याकाळी तो खुशबूला घेऊन कारध्याच्या पुलाखाली गेला आणि डाव्या हातानं अंगठा नदीत सोडला. खुशबू रडत होती. तो म्हणाला, "राहू दे व, बाई. इतके वर्सं मासोळ्या खाल्ल्या ह्या नदीच्या. थोडंसं त्याईलेही खाऊ दे." मग जाळं टाकता येतं का, ते त्यानं करून पाहिलं. आलं नाही. जाळं हातातून सुटलं आणि पाण्यात वाहत गेलं. ते कोणी शोधलं नाही.

महिन्यानं तो कामावर आला. आमच्याकडे हजेरी अंगठ्याच्या मशीनवर लागते, आणि मशीनमध्ये त्याचा उजवा नोंदलेला आहे. भैय्याजींनी तो परत आल्याबद्दल पेढे वाटले, पण हजेरीबाबत त्यांचा नाइलाज होता. मशीन त्याला गैरहजर धरते आणि मशीन खोटं बोलत नाही, असं ते म्हणतात. त्यामुळे मनिराम रोज येतो, रोल बदलतो आणि दिवसभर गैरहजर असतो. दोरी मात्र नवी आली आहे. नायलॉनची.

पहिली ओंजळ आता गोमाजी धरतो. त्यानं पंख्याकडे बघायचं सोडलेलं नाही.

खुशबू एकदाच आली होती, वडिलांचा डबा घेऊन. तिनं मला कडीतून काढलं, हातात धरलं, आणि टोकावरून बोट फिरवत मनिरामला म्हणाली की कॉलेजात सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, पद्धत बरोबरच होती, रांग खरी नसली तर पद्धत काय करणार. ते पुस्तकात पहिल्याच ओळीत दिलं आहे. मनिरामनं डबा उघडला. "मंग पुस्तक भैय्याजीले द्याचं होतं," तो म्हणाला, आणि डाव्या हातानं जेवू लागला.

तर मित्रांनो, तुम्ही पुढं मोठे व्हाल, शोधाशोध कराल. तुमच्यापुढं कोणी नीट लावलेली रांग ठेवली, तर मधलं टोचण्याआधी ती कोणी लावली आणि तेव्हा तिथं कोण येणार होतं, ते आधी विचारा. उत्तर मिळणार नाही, पण विचारताना सगळ्यांची तोंडं बघा. आणि खिचडी खाताना घाबरू नका. त्या पोत्यातला अंगठा काढला होता. बाकीच्या पोत्यांत मला कोणी टोचलेलं नाही, त्यामुळे तिथलं काही सांगता येणार नाही.

एवढं सगळं ऐकून तुमचं मन भरून आलं असेल, लोखंडाचंही जीवन असतं हे पटलं असेल, तर माझी एकच विनंती आहे. कधी इकडून गेलात तर एक बारीक काडी घेऊन या. माझ्या नळीत त्या दिवसापासून एक पिवळा दाणा अडकला आहे, तेवढा काढून टाका. खाजवतो.